लायनरला उजवा कौल

लोखंड खोटं बोलत नाही. माणसं बोलतात, सातबारा बोलतो, हवामान खातं तर रोज बोलतं. पण लोखंडावर बोटाने टकटक केली की ते पोटातलं सगळं सांगून मोकळं होतं. हे मत विनोदचं. बोटीच्या इंजिनरूममध्ये अर्धं आयुष्य काढून तो मालगुंडच्या वरच्या अंगाला, सड्याच्या उघड्या कातळालगतच्या आपल्या वाडीत परतला, तेव्हापासून त्याने ते वाडीतल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. या काळात लोखंडाने त्याला तीनदा फसवलं: एकदा विहिरीच्या पंपाने, एकदा अंगणाच्या फाटकाने आणि एकदा कपाटाने. कपाट अजून उघडलेलं नाही.

तर अशा या माणसाने जुना बुलडोझर घ्यायचं ठरवलं.

कारण सोपं होतं. मुंबईच्या एका पार्टीने सड्याच्या टोकाची जमीन घेतली होती. तिथे बंगले व्हायचे होते आणि प्रत्येक बंगल्यातून समुद्र दिसायला हवा होता. समुद्र त्या सड्यावरून आमच्या पणजोबांच्या आधीपासून दिसतो आहे; पण पार्टीचं म्हणणं असं की तो खुर्चीत बसल्या बसल्या दिसला पाहिजे. त्यासाठी मधले उंचवटे फोडायचे, सगळी खडी-माती ढकलत कड्यापर्यंत न्यायची आणि खाली लोटून द्यायची. हे काम विनोदने अंगावर घेतलं. मशीन त्याचं, चालवणार शिवा.

शिवा म्हणजे विनोदच्या धाकट्या बहिणीचा, गोदाचा नवरा. महामार्गाच्या रुंदीकरणावर तो डोझर चालवायचा. एक दिवस ठेकेदार काम अर्धवट टाकून नाहीसा झाला. रस्ता होता तिथेच राहिला, शिवा तेवढा घरी आला.

"दादा, मशीन कुठलंपण घे," गोदा म्हणाली. "पिवळा घे, हिरवा घे. पण एक सांगून ठेवत्ये. कड्यावर ते बंद पडता नये."

"बंद पडलं तर काय होतं गो? मशीन थांबतं."

"दादा, थांबत नाय," शिवा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला. तो कधी आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याचं बोलणं नेहमी जरा जास्तच खरं वाटे. "उतारावर इंजिन गेलं की तेलाचा दाब जातो. दाब गेला की ब्रेक अर्धा मरतो. मग मशीन आपल्या वजनावर चालतं. आपण फक्त वर बसलेले असतो."

"ऐकलंस?" गोदा म्हणाली. "हे फक्त वर बसलेले असतात."

त्या रात्री विनोदला झोप आली नाही, असं तो सांगतो. त्याच्या बायकोचं म्हणणं, तो घोरत होता. सकाळी उठल्यावर मात्र त्याने जाहीर केलं की सगळा प्रश्न ब्लॉकचा आहे. रंग, पट्टे, पातं, सीट, सगळं वरवरचं. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन चालतात तो लोखंडी ठोकळा, कसा ओतलाय, हे ज्याला कळलं त्याचा मेहुणा जगला.

हर्षदशेठचं यार्ड हातखंब्याच्या पुढे, महामार्गाला लागून. पळालेल्या ठेकेदाराची मशीनं त्याने लिलावात उचलली होती. चिऱ्याच्या गडग्याने वेढलेल्या त्या मोकळ्या कातळावर ती भर दुपारी पाती जमिनीला टेकवून उभी होती, दिवसकार्याला जमलेल्या लांबच्या नातेवाइकांसारखी. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

विकाऊ डोझर दोन होते. एक पिवळा, एक पांढरा. पांढरा मुळात पांढरा नसावा. पण शेठने त्याला अलीकडेच रंग दिला होता आणि रंगाच्या बाबतीत त्याने हात आखडता घेतला नव्हता. हॉर्नसुद्धा पांढरा होता.

"बघा साहेब, हवं तेवढं बघा," हर्षदशेठ म्हणाला. "लपवायचं काय नाय आपल्याकडे. सगळं उघड्यावरच पडलंय."

विनोदने पिवळ्यापासून सुरुवात केली. इंजिनच्या बाजूचं झाकण काढलं, बॅटरी मारली, वाकून पाहिलं आणि शिवाला जवळ बोलावलं. शिवा आला, पण पिवळ्यापासून चार हात लांबच उभा राहिला.

"भावोजी, हा लायनरचा ब्लॉक. म्हणजे बांधलेली विहीर समजा. आधी मोठा खड्डा, त्यात आतून चिऱ्याची गोल भिंत, नि भिंतीच्या मागे पाणी. पिस्टन खालीवर करतो तो या भिंतीला घासत. भिंत झिजली, तर भिंत काढायची, नवी बसवायची. विहीर तशीच."

"आणि भिंतीतून पाणी आत आलं तर?"

"तीच तर भीती. खाली रबराची रिंग असते. ती कुजली, किंवा आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये विहिरीचं खारं पाणी ओतून लायनरला बाहेरून भोकं पाडून ठेवली, की पाणी तेलात. मग संपलं."

"आणि पांढरा?"

"तो बिनलायनरचा. कातळात खणलेली विहीर. भिंत वेगळी नाहीच, ब्लॉकमध्येच भोकं पाडलेली. रिंग नाही, म्हणून गळायचा प्रश्न नाही. दणकट. पण झिजला तर ब्लॉक उतरवून कोल्हापूरला न्यायचा, आतून मोठा कातून आणायचा. आणि कातळाला चीर गेली," विनोदने हात झटकले, "तर त्या विहिरीला पाणी दाखवून उपयोग नाही."

आता जे झालं ते विनोदच्या बाजूने सांगायला हवं, कारण नंतर त्याच्या बाजूने सांगण्यासारखं फारसं उरत नाही. त्याने पिवळा नीट तपासला. तेलाच्या टाकीचा खालचा नट सैल करून पहिली धार बोटांवर घेतली, कारण तेलात पाणी असेल तर ते आधी तळाला बसतं. तेल काळं होतं, स्वच्छ काळं. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण काढलं, बुडबुडे आले नाहीत. लायनर अलीकडेच बदलल्याच्या खुणा होत्या. आवाज खर्जातला, एकसारखा.

पांढराही चालू केला. तो आणखी मवाळ चालला, पाहुण्यांसमोर वागावं तसा. विनोदने ब्लॉकवर बोटाने टकटक केली. ठण्, ठण्, ठण्. मग एके ठिकाणी, जिथे रंग जरा जाड होता तिथे: ठप्.

"इथे रंग दोनदा दिलाय?"

"शोभेला," हर्षदशेठ म्हणाला.

परत पिवळ्याकडे आले तेव्हा तो बंद करून बराच वेळ झाला होता. विनोद झाकण लावायला वाकला आणि आतून आवाज आला. टक्.

"थंड होताना लोखंड आकसतं," विनोद म्हणाला.

टक्.

पलीकडच्या मशीनखाली झोपलेलं कुत्रं उठलं, त्याने पिवळ्याकडे एकवार बघितलं आणि ते उन्हात जाऊन बसलं.

"दादा," शिवा हळूच म्हणाला, "हे ते मशीन हाय."

"कुठलं ते?"

"घाटात दरीत गेलेलं. आमच्या पुढच्या टप्प्यावर. नाट्याचा भागोजी होता वर. मशीन बंद पडलं, उतारावरनं मागे गेलं, नि गेलं ते गेलंच. एक चप्पल सापडली फक्त. त्याच्यानंतर भागोजीला कोणी बघितला नाय."

पिवळ्याच्या डाव्या कुशीला चांगला हातभर लांब पोचा होता. तो तिथे मघापासून होता. पण मघापर्यंत तो नुसता पोचा होता.

विनोदने हर्षदशेठला सरळ विचारलं. हर्षदशेठने पांढऱ्याकडे पाहिलं, पिवळ्याकडे पाहिलं. पांढरा त्याच्याकडे बऱ्याच दिवसांपासून पडून होता.

"जुन्या मशीनला थोडा इतिहास असणारच, साहेब," तो म्हणाला.

"म्हणजे माणूस गेला?"

"माणसं काय, येतात, जातात." आणि तो चहा सांगायला आत गेला.

घरी आल्यावर विनोदने निकाल दिला: पिवळा. ब्लॉक उत्तम, लायनर नवे, आणि एकदा दरीत जाऊन चालू आहे याचा अर्थ मशीन मजबूत आहे.

"मशीन मजबूत हाय," गोदा म्हणाली. "भागोजीचं काय?"

"भागोजीचा ब्लॉकशी संबंध नाही."

"दादा, मेल्या, तुला कळतंय का तू काय बोलतोयस? ज्याने एक खाल्ला त्याच्यावर मी ह्यांना बसवू? त्याला सवय लागली असेल."

"लोखंडाला सवय लागत नाही गो."

"तुझ्या कपाटाला लागली ना?"

कपाटाचा विषय निघाला की विनोद उठून पंप बघायला जातो. तो परत येईपर्यंत गोदाने ठरवून टाकलं की जाखमातेला कौल लावायचा. आमच्याकडे लग्न, विहीर, घराचा पाया, मुलाचं दुबई, सगळं आधी देवीला विचारतात. इंजिनच्या ब्लॉकबद्दल तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण तिला काही विचारायचं नाही असा नियमही नव्हता.

देवळात वाडीतली बरीचशी माणसं जमली. शिमगा जवळ आलेला, पालखीची डागडुजी चाललेली, त्यामुळे सगळे तिथेच होते. त्या वर्षी आंब्याचा मोहोर काळा पडला होता आणि सगळ्यांचे चेहरे आधीच त्या रंगाचे होते. बाबूगुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग तो विनोदकडे वळला.

"काय विचारायचं? थोडक्यात सांग."

विनोदला थोडक्यात सांगता येत असतं तर तो विनोद झाला नसता. त्याने बाबूगुरवाच्या कानात बराच वेळ सांगितलं. बाबूगुरवाने दोनदा मान हलवली, एकदा 'काय?' म्हणून पुन्हा विचारलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा जाखमाते, तू ह्या सड्याची, ह्या खाडीची मालकीण!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुझ्या पायाशी तुझं लेकरू विनोद आलंय. त्याच्या मनात एक पिवळा डोझर हाय!"

"होय महाराजा!"

"त्या डोझराचा बलाक... ब्लॉक, बाये, लायनरचा हाय! लायनराच्या भायेर पाणी हाय, भितूर पिस्टन हाय, खाली रबराची रिंग हाय!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले, जरा कमी जोरात.

"तो डोझर घ्यावा, त्याच्यावर शिवाने बसावं, नि त्याच्या जिवाला काय होता नये, असं तुझ्या मनात असेल तर उजवा दे. नसेल तर डावा दे. रांगडी लेकरं हायत, चूकभूल पोटात घाल!"

"होय महाराजा!"

 समईची वात हलत नव्हती. बाहेर कुठेतरी करवतीने लाकूड कापत होते, ते थांबलं. देवीचे चांदीचे डोळे सरळ शिवाकडे पाहत होते, म्हणजे ते नेहमीच समोर जो उभा असेल त्याच्याकडे पाहतात. पण शिवा जरा बाजूला सरकला.

उजवी पाकळी पडली. ताबडतोब, पाण्याचा थेंबही न सुकता. देवीने एवढ्या तत्परतेने उत्तर दिल्याचं बाबूगुरवालाही आठवत नव्हतं.

विनोदचा चेहरा उजळला. इंजिनियरिंग एका बाजूने, जाखमाता दुसऱ्या बाजूने, आणि दोघींचं एकमत. पण त्याने मागे वळून पाहिलं तर देवळात कोणी हसत नव्हतं. गोदाचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढ्या लगेच?" ती पुटपुटली.

"बरं झालं ना?"

"दादा, तिने विचारसुद्धा केला नाय. जशी काय वाटच बघत होती." तिने शिवाचा दंड धरला. "तिला हे हवेत."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं. आमच्या वाडीत देवीचा शब्द कोणी मोडत नाही. पण तिच्या मनात काय आहे ते तिच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, अशी प्रत्येकाची खात्री असते. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत तीन जणांना आठवलं की सड्याच्या त्या टोकाला राखणदाराची जागा आहे आणि पार्टीने राखण दिलेली नाही. कोंबडा नाही, नारळ नाही. राखण मिळाली नाही तर तो आपली आपण घेतो. चौथ्याला आठवलं की भागोजी गेला ते ठिकाणही असंच उताराचं होतं. गावात परत पोहोचेपर्यंत पिवळा डोझर हा डोझर राहिलाच नव्हता. तो राखणदाराचा निरोप्या झाला होता, आणि देवीने त्याला होकार दिला होता.

विज्ञान आणि देवी यांचं भांडण असलं की माणूस कोणातरी एकाची बाजू घेऊन निवांत झोपतो. दोघं एकच सांगायला लागली की त्याला घाम फुटतो.

रात्री जेवताना गोदा एवढंच म्हणाली, "तू पिवळा आण. मी ह्यांच्या डब्यात भाकरीबरोबर तुळशीचं पान घालून देईन रोज. म्हणजे ऐनवेळी शोधायला नको."

विनोदने घास खाली ठेवला.

त्यानंतरच्या दोन दिवसांत विनोदने आपलं तांत्रिक मत बदललं. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. आधी मनाशी पक्कं करावं लागतं की आपण बदलत नाही आहोत, अधिक खोलात जात आहोत. त्याने शिवाला बसवून सांगितलं की लायनरचा ब्लॉक ठीक आहे, पण शेवटी ती जोडाजोडी. जोड आला की शंका आली. रबर आलं की कुजणं आलं. कड्यावर जायचं तर एकसंध पाहिजे. कातळातली विहीर.

"पण दादा, तुम्हीच बोललात, कातळाला चीर गेली तर..."

"चीर आहे कुठे?"

"तो ठप् आवाज..."

"रंग जाड आहे तिथे," विनोद म्हणाला. "शोभेला."

शिवाने मान डोलावली. त्यालाही पिवळ्यावर बसायचं नव्हतंच.

हर्षदशेठने पांढऱ्याबरोबर एक मोठा हार मोफत दिला.

पांढरा डोझर ट्रेलरवरून आला, तेव्हा गोदाने त्याला ओवाळलं. नारळ फोडला, पट्ट्यांवर हळदकुंकू लावलं, सावधगिरी म्हणून राखणदाराच्या दगडापाशी कोंबडाही दिला. काम सुरू झालं. शिवा मशीन चालवायचा हळुवार, अंथरूण घालावं तसा. उंचवटे एकेक करून खाली बसत गेले, जांभ्याची लाल खडी पात्यापुढे गडगडत कड्याकडे जाऊ लागली. कड्यापाशी जमीन आधी थोडी उतरत होती, मग पायरीसारखा एक टप्पा, त्यावर करवंदीच्या जाळ्या, आणि त्याखाली सरळ समुद्र. दिवसभर इंजिनच्या आवाजात समुद्र ऐकू येत नसे. दिसायचा फक्त, तोंड हलवणाऱ्या माणसासारखा.

गोदा रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि शिवा खाली उतरेपर्यंत लांब उभी राहायची.

"काय गो, अशी बघतेस जसा काय पहिल्यांदा बघत्येस," शिवा म्हणायचा.

"तुम्हाला नाय, त्याला बघत्येय."

पहिले काही दिवस पांढऱ्याने तक्रारीला जागा ठेवली नाही. नंतर तो पाणी पिऊ लागला. सकाळी रेडिएटर भरला की संध्याकाळी हातभर कमी. खाली जमिनीवर थेंब नाही. "उन्हाळा चढतोय," विनोद म्हणाला. मग एका सकाळी तेलाची पट्टी ओढून पाहिली तर तेल जरा फिकट दिसलं, चहात दूध जास्त झाल्यासारखं.

शिवाने पट्टी विनोदसमोर धरली.

विनोदने ती उन्हात धरली, सावलीत धरली, पुन्हा उन्हात धरली. बोटीवर असता तर त्याने त्याच क्षणी इंजिन बंद करून चीफ इंजिनियरला उठवलं असतं. पण इथे चीफ तोच होता, आणि मशीन घेऊन पंधरवडाही झाला नव्हता.

"उजेड तसा पडलाय," तो म्हणाला. "आजचा दिवस काढा. उद्या तेल बदलू."

राहिला होता तो शेवटचा उंचवटा, उताराच्या तोंडावरचा. शिवाने पातं टेकवलं आणि पुढे निघाला. दुपारची वेळ, वारा पडलेला. विनोद मागे एका दगडावर बसून होता. गोदा डबा घेऊन येत होती. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढून ती सड्यावर आली आणि थांबली. पांढऱ्याच्या नळीतून पांढरा धूर येत होता. काळा यायला हवा, एवढं तिलाही माहीत होतं.

मशीनचा आवाज बारीक झाला. मग आतून काहीतरी मोठं, जाड, आवळल्यासारखं वाजलं आणि सगळं बंद पडलं.

त्या शांततेत समुद्र ऐकू आला. पहिल्यांदाच, अगदी जवळून.

शिवा वर बसलेला होता. त्याने पाय ब्रेकवर दाबला. ते पाठीवरून दिसत होतं. डोझर क्षणभर थांबला, आणि मग काहीही घाई न करता निघाला. पट्टे फिरत नव्हते. त्यांच्याखालची लाल खडीच घसरत होती, आणि तिच्याबरोबर तो, सभेतून मधेच उठून जाणाऱ्या पाहुण्यासारखा, कोणाला त्रास न देता.

"उडी मारा!" गोदा ओरडली. "अहो, सोडा तो! उडी मारा!"

विनोद धावत सुटला. कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोझर हाताने धरता येत नाही. शिवाने एकदा मागे पाहिलं. मग तो सीटवर उभा राहिला, बाजूच्या पट्ट्यावर आला आणि त्याने उतारावर अंग झोकून दिलं. करवंदीच्या जाळीचा एक मोठा कडकड आवाज झाला. पांढरा डोझर काठावर जरा वाकला, आत काय आहे बघितल्यासारखा, आणि गेला.

खालून बराच वेळ दगड पडत राहिले.

शिवा जाळीत सापडला. खांद्याचं हाड मोडलेलं, अंगभर काटे, आणि दातओठ खात तो म्हणत होता, "पाय ब्रेकवरच होता, दादा. माझा पाय ब्रेकवरच होता."

"हो भावोजी, हो."

 गोदा शिवाच्या शर्टातले काटे एकेक करून काढत होती. रिक्षा येईपर्यंत काढत होती, जिल्हा रुग्णालयात नंबर लागेपर्यंत काढत होती.

वाडीने निकाल दिला. देवीने पिवळा मागितला होता, तुम्ही पांढरा दिलात. तो तिला नको होता, तिने खाली टाकून दिला.  बाबूगुरव तेवढा विनोद समोर आला की आपल्या उजव्या खांद्यावर हात फिरवायचा, दुखत असल्यासारखा.

पांढरा समुद्रात गेला नव्हता. खालच्या टप्प्यावर कुशीवर अडकला होता. तो वर काढायला हर्षदशेठने मशीन पाठवलं. ट्रेलर वळणावरून वर आला तसं वाडीतल्या बायांनी मुलांना आत घेतलं. ट्रेलरवर पिवळा होता.

तो मेल्याशिवाय राहणार नाही, अशा नजरेने सगळे त्याच्या ड्रायव्हरकडे बघत होते. ड्रायव्हर साठीचा, काटकुळा, डोक्याला गमछा. त्याने पिवळा खाली उतरवला, कड्यापासून लांब उभा केला, पातं जमिनीत रोवलं, मागच्या ड्रमवरचा वायररोप खाली सोडला आणि तंबाखू मळायला बसला. मग ओढायला सुरुवात केली. पिवळा दिवसभर एकाच खर्जात चालला. ना धूर, ना थरकाप. संध्याकाळच्या आत पांढरा वर आला, एका बाजूने सोलून निघालेला.

विनोद त्याच्या ब्लॉकपाशी जाऊन वाकला. रंग उडाला होता. खाली चीर होती, जुनी, वेल्डिंगने शिवलेली आणि शिवणीतच पुन्हा उसवलेली. बरोबर तिथेच, ठप्च्या जागी. लोखंड खोटं बोललं नव्हतं. विनोद बराच वेळ तसाच वाकून राहिला. लोकांना वाटलं, तो काहीतरी तपासतोय.

गोदाने ड्रायव्हरला तिथेच सड्यावर चहा दिला. शिवा गळ्यात हात बांधून एका दगडावर बसला होता. त्याच्यासमोर तिला विचारायचं नव्हतं, पण राहवेना.

"बाबा, तुम्हाला ह्या मशीनची भीती नाय वाटत?"

"कशाला वाटायची?"

"ह्याच्यावरनं एक माणूस गेलाय म्हणतात. घाटात. नाट्याचा भागोजी म्हणून."

म्हाताऱ्याने बशीतला चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

"मीच तो," तो म्हणाला.

शिवा दगडावरून उठला. विनोद पांढऱ्यापासून सरळ झाला.

"तुम्ही... तुमची चप्पल सापडली होती."

"होय, एक. दुसरी घालून घरी जाण्यात अर्थ नव्हता, मग तीपण टाकली. तेवढ्यात पोराने नवी होडी घेतली, मग गेलो त्याच्याबरोबर मासे मारायला. परत कामावर कशाला यायचं? पगार देत होता कोण? हा शेठ रोजचे रोज देतो, म्हणून आलो."

"मग हा पोचा?" विनोदने पिवळ्याच्या कुशीकडे बोट दाखवलं.

"ट्रेलरवर चढवताना गेटाला घासला. शेठच्याच यार्डात."

"पण मशीन दरीत गेलं, ते तर खरं?"

"ते खरं. मी टपरीवर होतो. चाकाखालचा दगड चुलीला लावायला कोणीतरी घेऊन गेला, नि गेलं ते." म्हाताऱ्याने गमछ्याने तोंड पुसलं. "अंगठा तुटला म्हणून माझी एक चप्पल त्याच्या पायरीवर ठेवलेली होती."

"ते गेलं तेव्हा इंजिन बंद पडलं होतं का? ब्लॉक कुठला होता त्याचा?" विनोदने विचारलं. त्याच्या आवाजात अजून थोडी आशा होती.

दरीत गेला तो रोड रोलर होता, आणि त्याचं इंजिन आदल्या आठवड्यातच काढून दुरुस्तीला नेलं होतं.